दम कोंडतो, मग मजा कसली?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोळच्या विहिरीत पोहायला शिकलात, तीन पुरुष पाण्यातून तळाची माती काढून आणायच्या पैजा मारल्यात, मोठेपणी मालवणला जाऊन पाठीवर सिलिंडर लावून स्कूबाही केलंत. आता व्हिडिओंत माणसं सिलिंडरशिवाय, एका श्वासावर गडद निळ्या पाण्यात उतरताना दिसतात आणि चेहऱ्यावर त्रासाचा मागमूस नसतो. म्हणून घरी पलंगावर पडून, घड्याळ लावून दम धरून पाहिलात. रोज प्राणायाम करत असूनही सव्वा मिनिटात जीव घाबराघुबरा झाला. मग ही मंडळी खाली काय सोसत असतील, त्यात सुख कसलं, की सगळी नुसती खुमखुमी?

मी फ्रीडायव्हिंग, म्हणजे हीच एका श्वासावरची बुडी, शिकवते. हिवाळ्यात अंदमानात, एरवी इजिप्तमधल्या दाहाबला. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, "माझा दम किती वाढेल?" त्यांचाही आणि तुमचाही खरा प्रश्न दमाचा नाही. पलंगावर जी घुसमट झाली तीच खाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू असते आणि हे लोक दात-ओठ खाऊन ती सोसतात, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं असतं तर मी हा उद्योग केव्हाच सोडला असता.

आधी वेळेचा हिशेब करू. दोरीच्या कडेने उतरणारा माणूस सेकंदाला साधारण एक मीटर जातो. म्हणजे ३० मीटर खाली आणि ३० मीटर वर, मिळून मिनिटभर. तुमचं सव्वा मिनिट नुसत्या घड्याळाच्या हिशेबाने ३० मीटरला पुरतं! अर्थात पलंगावर पाय मारावे लागत नाहीत, दाबाने दडे बसलेले कान मोकळे करावे लागत नाहीत आणि डोक्यावर पाणी नसतं, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही. पण 'पाच-पाच मिनिटं' ही कल्पना डोक्यातून काढा. तरणतलावात पालथं, निपचित पडून दम धरणं ही वेगळी शाखा आहे, तिला स्टॅटिक म्हणतात. फ्रान्सच्या स्तेफान मिफ्स्यूदने २००९ मध्ये त्यात ११ मिनिटं ३५ सेकंद काढली होती. खोल बुडी त्यामानाने फारच आटोपशीर असते.

आता घुसमटीबद्दल. श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू ओरडायला लागतो. प्राणवायू घटल्याची तक्रार तो फार उशिरा आणि फार दबक्या आवाजात करतो. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडला असेल तर बोटाला लावा आणि पुन्हा पलंगावर दम धरा. निरोगी माणसाचा आकडा सव्वा मिनिटाला बहुतेक ९६-९७ च्या आसपासच असतो. बोटावरचा आकडा जरा मागे राहून हलतो हे खरं, तरी तुमचा जीव जेव्हा 'आता मेलो' म्हणत होता तेव्हा रक्तात भरपूर शिल्लक होती.

या घुसमटीला एक ठरलेला क्रम असतो. आधी काही वेळ काहीच वाटत नाही. मग उगाच आवंढा गिळावासा वाटतो. छातीत, कानशिलांपाशी ऊब जाणवते. आणि मग श्वासपटल आपणहून एक झटका देतं, पोट आत ओढलं जातं, थोड्या वेळाने दुसरा, मग तिसरा. पहिला झटका आला की नवखा माणूस डोळे उघडून माझ्याकडे पाहतो, कारण हे असं होणार हे त्याला आयुष्यात कोणी सांगितलेलं नसतं. नाटकाच्या भाषेत ही पहिली घंटा. तिसरीला अवकाश असतो. हे कळलं की बहुतेकांचा दम त्याच दुपारी वाढतो, आणि तोही फुफ्फुसात काडीचाही बदल न होता. फक्त घाबरण्यावर जाणारा खर्च वाचतो.

त्यातून तुम्ही कोरड्यात बसून पाहिलंत. चेहरा पाण्यात गेला आणि श्वास थांबला की आपल्या शरीरात एक जुनी यंत्रणा जागी होते. सील आणि व्हेलमध्ये ती फार पक्की असते, आपल्यात बेताची, पण असते. नाडी मंदावते, सराव असलेल्यांची चाळिशीत किंवा त्याखालीही जाते. हातापायांकडचं रक्त आखडून हृदय, फुफ्फुसं आणि मेंदूकडे वळतं. प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. पाणी थंड असेल तर हे सगळं जास्त जोरात होतं. म्हणून आम्ही बुडीआधी मास्क काढून काही वेळ चेहरा पाण्यात धरायला सांगतो.

आता दाहाबची एक बुडी सांगते, म्हणजे 'काय वाटतं' याचं उत्तर मिळेल. अकाबाच्या आखातावर, सिनाईच्या वाळवंटी डोंगरांच्या पायथ्याशी ब्लू होल नावाचं एक प्रवाळी विवर आहे. किनाऱ्यावरच्या चहाच्या टपऱ्यांपासून चार पावलं टाकली की खाली ९० मीटरहून जास्त पाणी. जगभरचे फ्रीडायव्हर इथे येतात ते याच सोयीसाठी: ना बोट, ना लाटा, आणि पाणी आरपार स्वच्छ. मध्यावर बॉय, म्हणजे हवा भरलेला तरंगता गोळा असतो, त्याला बांधलेली दोरी ठरलेल्या खोलीपर्यंत सोडलेली, तिच्या टोकाला वजन आणि एक थाळी. मनगटापासून दोरीला अडकवलेला सुरक्षेचा पट्टा, लॅनयार्ड.

वर पालथं पडून, स्नॉर्केलमधून, म्हणजे तोंडात धरायच्या नळीतून, पोटाने संथ श्वास. दोनेक मिनिटं. या वेळात काही 'करायचं' नसतं. कपाळ, जबडा, खांदे सैल पडत जातात. मग एक पूर्ण श्वास, आधी पोट, मग छाती. स्नॉर्केल तोंडातून बाहेर, कमरेत वाकून डोकं खाली, पाय हवेत.

पहिले दहा मीटर कष्टाचे. भरलेली फुफ्फुसं वर ओढतात, अंगातला रबरी वेटसूट वर ओढतो, तुम्ही फिन्स, म्हणजे पायातले लांब पंख, मारत खाली जाता आणि दर मीटर-दीड मीटरला कान मोकळे करता. इथे सुखबिख काही नसतं. दहा मीटरवर दाब दुप्पट झालेला असतो आणि फुफ्फुसातली हवा निम्मी. २० मीटरवर ती एक तृतीयांश, ३० वर एक चतुर्थांश. त्यामुळे वर ओढणारा जोर कमी कमी होत जातो आणि साधारण पंधरा मीटरच्या आसपास एक टप्पा येतो जिथे पाणी तुम्हाला ना वर ढकलतं ना खाली. आणखी चार-दोनदा पाय मारायचे आणि थांबवायचे.

मग तुम्ही पडायला लागता. आम्ही त्याला फ्रीफॉल म्हणतो. हात अंगालगत, हनुवटी गळ्याशी, पाय स्थिर, आणि तरीही खाली जाण्याचा वेग तसाच. गालांवरून, कपाळाच्या कडेने पाणी सरकत असतं, तेवढ्यावरूनच कळतं की आपण हलतोय. लाल रंग वरच संपलेला असतो. मनगटावरचा लाल पट्टा करडा दिसतो. कानात प्रवाळावरच्या कोळंब्यांची बारीक तडतड वरच राहून जाते आणि स्वतःची नाडी ऐकू येते, एकेक ठोका लांब लांब पडणारा. छातीभोवती दाब असतो, पण तो टोचत नाही. सगळीकडून सारखाच असल्यामुळे कोणीतरी घट्ट धरल्यासारखा वाटतो. मास्क चेहऱ्यावर आवळायला लागला की नाकातून चिमूटभर हवा त्यात सोडायची. बाकी काहीच करायचं नाही. घुसमट? या टप्प्यावर ती नसते. दाबामुळे फुफ्फुसातल्या प्राणवायूचा जोर इथे वरच्यापेक्षा जास्त असतो आणि श्वासाचा विचार मनात फिरकतही नाही. व्हिडिओतल्या चेहऱ्यावर तुम्ही पाहिलंत ते हे.

माझ्या मते सगळं आकर्षण या काही सेकंदांत आहे, आणि ते धाडसाचं नाही. बाकीच्या खेळांत जोर लावला की पुढे जाता. इथे जोर लावला की हरता. ताठलेला स्नायू प्राणवायू खातो. 'अजून किती राहिलं?' हा विचारही खातो, कारण तो आला की गळा आवळतो आणि कान अडतात. म्हणून खाली माणूस नाइलाजाने विचार सोडतो. रशियाची नतालिया मोल्चानोवा चाळिशीत या खेळाकडे वळली आणि तिने ४१ जागतिक विक्रम केले. ती शिकवायची ते हेच: लक्ष एका बिंदूवर खिळवू नका, ते सगळीकडे पसरू द्या, म्हणजे विचाराला धरायला काही उरत नाही. ध्यानाला बसून जे मला वर्षानुवर्षं जमलं नाही ते तिथे आपोआप होतं. जबरदस्तीने होतं म्हणा हवं तर.

शिवाय शरीराबद्दलचं एक आश्चर्य आहे, ते माझ्या बाबतीत अजून ओसरलेलं नाही. पन्नास-साठच्या दशकात शरीरशास्त्रज्ञांचा हिशेब असा होता की ठरावीक खोलीपलीकडे फुफ्फुसं इतकी दाबली जातील की छातीचा पिंजरा चेपेल. इटलीचा एन्झो माइओर्का आणि फ्रान्सचा जाक मायोल एकमेकांशी चढाओढ करत ती रेघ खाली ढकलत गेले. १९७६ मध्ये एल्बा बेटाजवळ मायोल वजनाच्या मदतीने १०० मीटरवर जाऊन परत आला. हिशेबात धरलेलं नव्हतं ते इतकंच, की दाब वाढला की छातीतल्या रक्तवाहिन्यांत रक्त भरतं आणि हवेने सोडलेली जागा ते घेतं. आपल्या अंगात ही सोय आहे आणि बहुतेकांना ती कधीच कळत नाही. तीस मीटरवर तिचा थोडासा भाग प्रत्यक्ष वापरला जातो.

परतीचा प्रवास वेगळा. थाळीपाशी वळलात की आता तुम्ही पाण्यापेक्षा जड, त्यामुळे पहिल्या काही लाथा सगळ्यात महाग. वर बघायचं नाही, बघितलं की मान ताणते आणि पृष्ठभाग लांब वाटतो. वीसेक मीटरवर पोटात पहिला झटका येतो. दहा मीटरच्या आसपास जोडीदार खाली उतरून समोर आलेला असतो, नजरेला नजर देत बरोबर वर येतो. शेवटच्या टप्प्यात फुफ्फुसं फुगतात आणि पाणी स्वतःच उचलतं. वर आल्यावर सगळी हवा फुस्सकन सोडायची नाही; थोडी सोडायची, झटकन भरून घ्यायची, क्षणभर धरायची, पुन्हा तेच.

हे पहिले श्वास असे मोजून-मापून का, तर इथेच धोका आहे. ज्या शांततेसाठी माणूस खाली जातो तीच शांतता त्याला फसवते. प्राणवायू घटताना दुखत नाही, भीती वाटत नाही. उलट बऱ्याचदा छान वाटतं. समजा ३० मीटरवर तुमच्या फुफ्फुसातला प्राणवायू ८ टक्क्यांवर आलाय. तिथे दाब चौपट, म्हणजे रक्ताला तो वरच्या ३२ टक्क्यांसारखा मिळतो. तुम्ही मजेत. पण वर येताना दाब घटत जातो, शेवटच्या दहा मीटरांत तर थेट निम्मा होतो, आणि पृष्ठभागावर ८ टक्के म्हणजे ८ टक्केच, त्यातही वर येताना पाय मारून थोडे खर्च झालेले. म्हणून बहुतेक बेशुद्धी तळाशी होत नाही. ती शेवटच्या काही मीटरांत होते किंवा वर येऊन श्वास घेतल्यानंतर पहिल्या काही सेकंदांत.

मी ती पाहिली आहे, आणि ती सिनेमातल्यासारखी नसते. माणूस वर येतो, हसतो, हात उचलून ओकेची खूण करायला लागतो आणि बोटं अर्ध्यावर थांबतात. नजर समोर, पण कोणाकडे नाही. ओठ जांभळे, मान पुढे. एक श्वास घेण्याइतक्या वेळात सगळं होतं. जोडीदार हाताच्या अंतरावर असेल तर काम सोपं असतं: तोंड पाण्याबाहेर धरायचं, मास्क काढायचा, डोळ्यांवर फुंकर, गालावर चापट्या, नावाने हाक, "श्वास घे". स्वरयंत्र आपोआप मिटलेलं असल्यामुळे पाणी लगेच आत गेलेलं नसतं आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत माणूस परत येतो. आल्यावर विचारतो, "काय झालं?" आपण बेशुद्ध झालो हे त्याला पटतच नाही. जोडीदार नसता तर तोच चेहरा पाण्यात गेला असता. स्पर्धेतही याचसाठी नियम आहे की वर आल्यावर १५ सेकंदांत मास्क काढायचा आणि ओकेची खूण करायची. नाहीतर बुडी बाद. खेळाडूच्या स्वतःबद्दलच्या मतावर तिथे कोणी विश्वास ठेवत नाही. नतालिया मोल्चानोवा ऑगस्ट २०१५ मध्ये स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ एका साध्या खाजगी बुडीसाठी गेली आणि वर आलीच नाही. तेव्हा स्पर्धा नव्हती, विक्रमही करायचा नव्हता.

आता तुमचा प्राणायाम. अनुलोम-विलोम, दीर्घश्वसन, कुंभकाची सवय हे सगळं उपयोगी आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना पोटाने श्वास घे म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही. पण बुडीआधी कपालभाती किंवा भस्त्रिका कधीही नाही. जोरजोरात श्वास घेऊन प्राणवायू 'भरून' घेता येतो हा समज साफ चुकीचा आहे. नेहमीच्या श्वासातही रक्त ९७-९८ टक्के भरलेलंच असतं, भर घालायला जागा नसते. घटतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे नेमका घंटा वाजवणारा. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर तो बाहेर गेलाय असं समजा. मग दम लांबल्यासारखा वाटतो, घुसमट होतच नाही, आणि माणूस बेसावधपणे बेशुद्ध होतो. सोसायटीच्या टँकमध्ये 'पाण्याखाली कोण जास्त राहतो' खेळणारी मुलं नेमकं हेच करतात, धापा टाकून मग बुडी मारतात. दिसली तर थांबवा. तुम्हीही घरचे प्रयोग पलंगावरच करा. पाण्यात एकट्याने नाही, टबातही नाही.

तुम्हाला हे आवडेल का, हे मात्र परिस्थितीवर आहे. स्कूबात तुम्ही पाऊण तास खाली राहता, मासे निवांत बघता, फोटो काढता. ते हवं असेल तर फ्रीडायव्हिंगने निराशा होईल. याच्यात बुडबुड्यांचा आवाज नसतो म्हणून मासे बुजत नाहीत, कधी अगदी जवळ येतात, पण तुमच्याकडे असतात मोजके क्षण. दमा, हृदयाचा त्रास, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर आधी डॉक्टर. वयाची फारशी अडचण येत नाही. कोरियातल्या जेजू बेटावर सत्तरीतल्या बायका, हेन्यो, आजही एका श्वासावर समुद्रातून कालवं-शिंपले काढतात.

आणि नवख्यांना अडवतो तो दम नसतो, कान असतात. विहिरीच्या तळाशी कानात कळ यायची, आठवतंय ना? तुम्ही ती सोसून माती आणत होता. तसं समुद्रात करू नका, पडदा फाटतो. नाक चिमटीत धरून छातीच्या जोरावर फुंकणं डोकं खाली असताना फार पुढे नेत नाही. जिभेच्या मागच्या भागाने हवा नाकामागे ढकलायची फ्रेंझेल पद्धत शिकावी लागते. आरशासमोर करून बघा. नाक धरा, कान टक्कन उघडले पाहिजेत, कंठमणी वर सरकला पाहिजे आणि पोटावर ठेवलेला दुसरा हात अजिबात हलता कामा नये. पोट हललं तर जुनीच पद्धत चालू आहे. रोज चार मिनिटं, आठवड्याभरात बऱ्याच जणांना जमतं.

कोर्ससाठी कोकणची घाई करू नका. पावसाळ्यानंतर मालवणला पाणी बरं होतं, पण दोरीवर शिकायला लागतं तसं स्वच्छ आणि खोल पाणी किनाऱ्याजवळ क्वचित. अंदमान जवळचं, बाहेर जायचं तर दाहाब, थायलंडचं को ताओ, इंडोनेशियातलं आमेद. पहिला कोर्स दोन-तीन दिवसांचा असतो, थोडी थिअरी, थोडा तलाव, मग समुद्रात १२ ते २० मीटर. शिक्षक निवडताना एकच विचारा: 'माझी खोली तुम्ही ठरवणार की मी?' आकड्याचं आश्वासन देणाऱ्याकडे जाऊ नका. आणि त्याच सहलीत स्कूबाही करायचा विचार असेल तर फ्रीडायव्हिंग आधी उरका. स्कूबानंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन उरतो, त्यावर पुन्हा वर-खाली करणं धोक्याचं. मध्ये निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्या.